गोलातला तेरा

परदेशात, वेरिबी गावातल्या त्या भाड्याच्या घरात आम्ही तिघं राहायचो, पण तिघंही एका वेळी घरात आणि जागे आहोत, असं आठवड्यातून एखाद्या वेळीच व्हायचं. आई हॉस्पिटलात नर्स होती आणि तिच्या शिफ्टा सारख्या बदलायच्या. बाबा पहाटेच शेतावरच्या शेडमध्ये भाजी पॅक करायला जायचे. मी युनीच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, पहिल्या वर्षाला होते. ट्रेनने तासभर जायचं, तासभर यायचं आणि मधल्या वेळात कुणाशीही न बोलता लेक्चरं ऐकायची. आमचा संसार फ्रिजच्या दारावर चालायचा. ‘वरण गरम करून घे.’ ‘कपडे आत घे, वारा आहे.’ ‘बाबांचा डबा विसरू नकोस.’ आईचं अक्षर पळत लिहिल्यासारखं, बाबांचं छापल्यासारखं. त्या चिठ्ठ्यांपैकी एकही मी जपून ठेवली नाही, याचं आता वाईट वाटतं. तेव्हा मात्र त्यांचा राग यायचा. माणसं असताना कागदाशी काय बोलायचं?

घराला आवाज असा नव्हताच. फ्रिजची मोटर, लांबून जाणारी मालगाडी, आणि सकाळी मॅगपाय पक्ष्यांचं ते गळ्यात पाणी धरून गुळण्या केल्यासारखं ओरडणं. दक्षिणेकडून वारा आला की शेतातल्या खताचा वास यायचा, आणि युनीतली मुलं मी वेरिबीची आहे म्हटल्यावर नाक धरून हसायची. बाबा रोज शेडवरून न खपलेला फ्लॉवर आणायचे. आम्ही फ्लॉवरची भाजी खाल्ली, फ्लॉवरची भजी खाल्ली, पराठे, रस्सा, लोणचं खाल्लं. आईने एकदा फ्लॉवरचे पोहेसुद्धा करून पाहिले, ते मात्र तिने स्वतःच टाकून दिले. आता वेरिबीत कोपऱ्याकोपऱ्यावर आपली दुकानं आहेत आणि ताजी कढीपत्त्याची डहाळी मिळते. तेव्हा पोह्यांसाठी ट्रेन बदलून जावं लागे. आमच्या रस्त्यावर आपलं असं एकही माणूस नव्हतं.

बाबांनी पुण्याजवळच्या एका सरकारी बंदुकीच्या कारखान्यात बावीस वर्षं तपासनिसाचं काम केलं होतं. लष्कराच्या रायफलचे सुटे भाग त्यांच्या टेबलावर यायचे. ते गेज लावून प्रत्येक भाग बघायचे आणि बरोबर असेल तरच त्यावर आपला शिक्का मारायचे. प्रत्येक तपासनिसाचा शिक्का वेगळा. बाबांचा म्हणजे छोट्या गोलात तेराचा आकडा, तांदळाच्या दाण्याएवढा. तो शिक्का मारला म्हणजे उद्या या भागामुळे कुणा जवानाचं काही झालं तर जबाबदार मी, असं ते मला लहानपणी सांगायचे, आणि सांगताना थोडे ताठ बसायचे. आईला इकडे नोकरी मिळाली, व्हिसा मिळाला, तेव्हा त्यांनी शिक्का कारखान्यात जमा केला. त्याआधी पितळेच्या एका चकतीवर तो एकदा मारून घेतला. ती चकती त्यांच्या पाकिटात असायची. इकडे त्यांनी पहिल्या वर्षी चाळीसेक अर्ज केले. कुणी ‘लोकल एक्स्पीरियन्स’ विचारला, कुणी काहीच विचारलं नाही. मग ते फ्लॉवरकडे वळले. बोलणं मात्र हळूहळू बंदच झालं. रागावले असते तर बरं, असं मला वाटायचं. ते नुसते कमी होत चालले होते.

शेजारी कीथ नावाचा म्हातारा एकटाच राहायचा. म्हातारा म्हणजे तेव्हा साठ-बासष्टचा असेल; मला अठराव्या वर्षी तो म्हाताराच वाटायचा. त्याची बायको वारली होती. त्याच्या मागच्या अंगणातल्या शेडमधून दिवसभर कानस घासल्याचा आवाज यायचा. एका रविवारी बाबा कपडे वाळत घालत होते आणि त्यांचा हात मध्येच थांबला. मी दारात उभी होते. त्यांनी कान देऊन ऐकलं आणि मराठीतच म्हणाले, “अगं, याची कानस बोथट झालीये. उगाच जोर लावतोय.” मग ओला शर्ट तसाच खांद्यावर टाकून ते कुंपणापाशी गेले आणि पलीकडे हाक मारली, “एक्स्क्यूज मी, सर. युवर फाइल इज गॉन.” या देशात त्यांनी अनोळखी माणसाला आपणहून हाक मारल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. कानस थांबली. कुंपणावर कीथचं डोकं आलं. त्याने बाबांना नीट न्याहाळलं आणि म्हणाला, “ऐकून कळलं तुला? ये, मेट. आत ये.”

कीथचं बोलणं मी इथे बरंचसं मराठीत लिहिते आहे; त्याचं ‘मेट’ म्हणजे दोस्त. त्याचे निम्मे शब्द त्याच्या मिशीतच राहायचे, आणि तिसऱ्या वेळेलाही न कळल्यावर आम्ही नुसतं हसायचो.

कीथ तरुणपणी सैन्यात बंदुका दुरुस्त करायच्या कामावर होता. शेडमध्ये जमिनीला आणि भिंतीला बोल्टने आवळलेलं एक जाड लोखंडी कपाट, लांबलचक लाकडी बाक, आणि बाकावर फडक्यावर मांडलेले लोखंडाचे तुकडे. ते तुकडे म्हणजे जुनी लष्करी रायफल, मोडीत काढलेली. परदेशातल्या सैन्याने जुन्या रायफली रद्द केल्या की त्या तोडून सुट्या भागांचे संच विकतात. हौशी माणसं ते संच घेऊन, हरवलेलं शोधून, गंजलेलं घासून, पुन्हा अख्खी रायफल उभी करतात. एकदा घोडा ओढला की पुढचं काडतूस आपलं आपणच भरून घेणारी रायफल साध्या माणसाकडे नको, असा कायदा तेव्हा इथे नुकताच झाला होता. कीथने आपली स्वतःची होती ती मुकाट्याने नेऊन दिली होती. आता तो फक्त दिखाव्याची करायचा, कधीच न उडणारी. नळी त्याने लायसन्सवाल्या कारागिराकडून आधीच बुजवून आणली होती. बाकीचं जोडून झालं की तोच माणूस आतला भागही वेल्ड करून टाकणार, मग पोलिसांचा कागद मिळणार आणि मग ती भिंतीवर टांगता येणार. “पण तो कागद मिळेपर्यंत,” कीथने पहिल्याच दिवशी बोट वर करून सांगितलं, “कायद्याच्या दृष्टीने ही जिवंत आहे. मी समोर नसेन तेव्हा ही कपाटात आणि कपाटाला कुलूप. चहा करायला गेलो तरी.” आणि खरंच, तो चहा करायला उठला की आधी सगळं कपाटात जायचं. बाबांना हे फार आवडलं. घरी येऊन ते आईला म्हणाले, “अगं, माणूस शिस्तीचा आहे.” आईने किती महिन्यांनी त्यांना आपणहून काही सांगताना ऐकलं होतं, ती गॅस बंद करून ऐकत उभी राहिली.

तिसऱ्या की चौथ्या रविवारची गोष्ट. कीथने एका डब्यातून मुठीएवढा एक लोखंडी ठोकळा काढून बाबांच्या हातात दिला. रायफलच्या पोटात मागेपुढे सरकतो तो भाग. म्हणाला, हा संच तुमच्याकडचाच आहे, इंडियाचा. बाबांनी तो उलटा केला. मग उठून खिडकीपाशी गेले, चष्मा काढला, ठोकळा अगदी नाकापाशी धरला. अंगठ्याने तेल पुसून तो पुन्हा पुन्हा उजेडाकडे फिरवला. कीथ माझ्याकडे बघायला लागला. मग बाबांनी पाकीट काढलं, त्यातून ती पितळी चकती काढली, आणि ठोकळा नि चकती दोन्ही शेजारी शेजारी बाकावर ठेवली. गोलात तेरा. तिथेही गोलात तेरा. तीनच्या खालच्या पोटाला जरासा टवका उडालेला, दोन्हीकडे तस्साच.

“धिस इज मी,” बाबा म्हणाले.

कीथने भिंग काढलं, पाहिलं, भिंग ठेवलं. मग त्याने बाबांचा हात हातात घेऊन हलवला आणि बराच वेळ सोडला नाही. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला इतकं अवघडल्यासारखं झालं की मी बाहेर अंगणात जाऊन उभी राहिले. आज वाटतं, आत थांबायला हवं होतं. माझ्या वडिलांचा या देशातला सगळ्यात मोठा क्षण आणि मी पाठ फिरवून कीथच्या कपड्यांच्या दोरीकडे बघत होते.

त्यानंतरचे सहा-सात महिने आमच्या घरातले सगळ्यात चांगले. रविवारी आणि सुटीच्या दिवशी बाबा पलीकडे. मीही पुस्तकं घेऊन तिकडेच जायचे आणि शेडच्या दारात उलट्या घातलेल्या खोक्यावर बसून वाचायचे. घरी एकटीने वाचण्यापेक्षा ते बरं वाटायचं. रेडिओवर फुटी, म्हणजे इथल्या फुटबॉलची मॅच, चालू असायची, तेलाचा आणि भुशाचा वास असायचा, आणि दोन माणसं तासन्‌तास फारसं न बोलता काम करत असायची. पण ते न बोलणं आमच्या घरातल्यासारखं नव्हतं. मधूनच बाबा “नो, नो, नॉट लाइक दॅट” म्हणून कीथच्या हातातून कानस काढून घ्यायचे आणि कीथ “येस, इन्स्पेक्टर” म्हणून बाजूला व्हायचा. आई भजी पाठवायची. कीथने आयुष्यात फ्लॉवर फक्त उकडून खाल्ला होता; भजी खाल्ल्यावर त्याने आईला कुंपणावरून सलाम ठोकला. मला त्याने एकदा विचारलं, युनीत मित्र किती? मी म्हटलं, आहेत ना खूप. तो “हं” म्हणाला आणि पुढच्या रविवारपासून त्या खोक्यावर एक उशी आली.

ऑक्टोबरात दसरा आला. इकडे तो वसंतात येतो, सगळंच उलटं. कारखान्यात खंडेनवमीला काय असायचं हे बाबा दर वर्षी सांगायचे: मशीनं धुऊन पुसून हार घातलेले, गेजांची पूजा, पेढे, आणि त्या दिवशी कुणी हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही. वेरिबीत आई पाटावर विळी, कात्री आणि स्क्रूड्रायव्हर मांडायची आणि बाबा नमस्कार करून कामावर जायचे. त्या वर्षी नवमी शनिवारी आली. रायफल जोडून झाली होती. पुढच्याच आठवड्यात ती वेल्ड करायला जायची होती. बाबांनी दोन दिवस घुटमळून शेवटी कीथला विचारलं. कीथ म्हणाला, “नो वरीज. काय काय लागतं सांग.” त्याच्या बायकोने लावलेली आणि आता आपली आपणच उगवणारी नारिंगी फुलं होती, थेट झेंडूसारखी. ती त्याने टोपलीभर तोडून आणली. निरांजनाशेजारी त्याने वाळूची बादली आणून ठेवली तेव्हा आई पदरात तोंड लपवून हसली.

बाबांनी बाकावर पांढरं फडकं घातलं, रायफल आडवी ठेवली, हार घातला. हळदकुंकू त्यांनी कोरडंच वाहिलं. पाण्याचं बोट लागलं तर गंज धरेल, हे त्यांच्याशिवाय कुणाच्या डोक्यात येणार? पण लोखंडाला तेलाचा हात होता. त्यात कुंकू विरघळलं आणि त्याचे लाल ओघळ खालच्या फडक्यावर उतरले. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुंकू म्हटलं की पसरणारच. आरती झाली. कीथ टोपी काढून उभा होता. मी मामाने दिलेल्या कॅमेऱ्यात रोलचे शेवटचे तीन फोटो काढले.

मग कीथ कपाटाकडे वळला आणि किल्ली काढली. बाबा एकदम पुढे झाले. पूजेतलं हत्यार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं, ते म्हणाले. उद्या दसरा, सकाळी उत्तरपूजा करायची, अक्षता टाकायच्या, मग उचलायचं. कीथने मान हलवली. “जमायचं नाही, मेट. रूल आहे. तुला माहिती आहे.”

“वन नाइट, कीथ,” बाबा म्हणाले. “ओन्ली वन नाइट. प्लीज.”

या देशात आल्यापासून बाबांनी कुणाकडे काही मागितलं नव्हतं. नोकरीचे अर्ज केले, पण ते मागणं नव्हे. मी त्यांच्या तोंडून असं ‘प्लीज’ आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. कीथनेही ते ऐकलं असणार. तो कपाटाकडे बघत राहिला, मग बाबांकडे. “वन नाइट,” तो म्हणाला. निरांजन शांत झाल्यावर त्याने शेडला एकाऐवजी दोन कुलपं लावली आणि ती दोनदा ओढून पाहिली.

आता माझा पराक्रम. दसऱ्याला सोनं देतात, तसा कीथला आपण फोटो देऊ, असं माझ्या मनात आलं. म्हणून त्याच दुपारी मी रोल घेऊन मेन स्ट्रीटवरच्या केमिस्टकडे गेले. तिथे तासाभरात फोटो धुऊन मिळायचे. पाकिटावर माझं नाव नि पत्ता लिहिला. तासाने गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, मशीन बिघडलंय, सोमवारी ये. ती माझ्याकडे नीट बघत नव्हती. मला वाटलं, नेहमीचंच. माझ्याकडे तसंही कुणी नीट बघायचं नाही. मशीनला काहीच झालेलं नव्हतं. तिने फोटोत पाहिली ती एक रायफल, खाली पांढऱ्या कपड्यावर लाल ओघळ, आणि डोळे मिटून हात जोडलेला एक सावळा माणूस. तिच्या जागी मी असते तर मीही फोन केला असता. त्या मुलीचा मला कधी राग आला नाही. राग आला तो माझा.

रविवारी सकाळी साडेनऊला दारावर दोन पोलीस आले, एक वयस्क, एक माझ्याहून थोडाच मोठा. आईने आदल्या दिवशी दवाखान्यातल्या गॉजमध्ये बांधून टांगलेला चक्का नुकता घोटायला घेतला होता. बाबा आंघोळ करून सोवळं नेसत होते. श्रीखंडाचा नैवेद्य घेऊन उत्तरपूजेला जायचं होतं. पोलीस फार सभ्यपणे बोलत होते. फोटो माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, हे कुठे आहे? मी घाबरून बोट दाखवलं, पलीकडे. बाबा घाईने पँट-शर्ट घालून मागोमाग आले. आमचे नागरिकत्वाचे अर्ज तेव्हा नुकतेच गेले होते. फ्रिजवर त्या पोचपावतीला आईने दोन चुंबक लावले होते.

कीथने दोन्ही कुलपं काढली. रायफल बाकावर तशीच होती, हारासकट. कपाट उघडं नव्हतं, पण ती त्यात नव्हती. वयस्क पोलिसाने तिच्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि विचारलं, “हू लेफ्ट धिस आउट?”

“मी,” कीथ म्हणाला. “विसरलो.”

“आणि हे लाल काय?”

“शेजाऱ्यांचा सण आहे. ब्लेसिंग आहे ते.” कीथ बाबांकडे वळला. “याला पाच मिनिटं द्या. ती उचलायच्या आधी याला काहीतरी करायचं असतं.”

पोलिसाने मान वळवली. आवाज अगदी मऊ होता. “असं आहे का, सर? हे तुम्ही ठेवलं?”

बाबांच्या हातात अक्षतांची पुडी होती. कपडे बदलताना धोतराच्या ओच्यातून ती मुठीत आली असावी. त्यांनी मूठ खिशात घातली. “नो, सर,” ते म्हणाले. “इट इज हिज. आय ओन्ली केम टू सी.”

मी त्यांच्या शेजारी उभी होते. माझं इंग्रजी त्यांच्यापेक्षा बरं होतं. दोन वाक्यं पुरली असती: याने नियम मोडला तो माझ्या वडिलांनी हात जोडले म्हणून. मला ती दोन्ही वाक्यं येत होती, शब्द न्‌ शब्द जुळलेला होता, आणि मी बोलले नाही. मला भीती वाटली. पोलिसांची, कागदांची, आणि बाबांना खोटं पाडण्याची. कीथने आम्हा दोघांकडे एकदाच पाहिलं. मग त्याने हार काढून बाजूला ठेवला, स्वच्छ फडकं घेतलं आणि कुंकू पुसायला लागला, सावकाश, गोलातल्या तेराच्या कडेकडेने. तरुण पोलिसाने रायफल ब्लँकेटात गुंडाळली. कपाटात त्याच्या परवान्यावरच्या दुसऱ्या दोन साध्या रायफली होत्या, त्याही नेल्या.

त्या दिवशी आम्ही श्रीखंड खाल्लं नाही. आईने ते फ्रिजमध्ये ठेवलं आणि चार दिवसांनी टाकलं. तिने बाबांना काही विचारलं नाही. बाबांनी मला काही विचारलं नाही. कीथचा परवाना गेला. तीसेक वर्षांत एकदाही कुलूप न विसरलेल्या माणसाच्या कागदावर ‘निष्काळजी’ असं लिहिलं गेलं. नेलेल्या रायफली इतर जप्त मालाबरोबर यंत्राखाली चिरडून टाकल्या, असं पुढे त्यानेच कुंपणावरून सांगितलं, हवापाण्याबद्दल सांगावं तसं. तो भेटला की “गुडे” म्हणायचा, इथला रोजचा नमस्कार. तोंड फिरवलं असतं तर आम्हाला सोपं झालं असतं. शेडचं दार मात्र पुन्हा उघडलं नाही. कानशीचा आवाज बंद झाला आणि आमच्याकडे फ्रिजच्या मोटरचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. बाबा कपडे वाळत घालायला तो घरात नसेल अशी वेळ बघायचे. आम्हाला नागरिकत्व मिळालं. दीड वर्षाने आम्ही घर बदललं. निघताना मी निरोप घ्यायला गेले तेव्हा दारामागे रेडिओ चालू होता, पण मी बेल वाजवली नाही. पाटावर विळी-कात्री पुढेही मांडली जायची. स्क्रूड्रायव्हर मात्र बाबांनी पुन्हा ठेवू दिला नाही.

मी फिजिओथेरपिस्ट झाले. म्हाताऱ्या माणसांना चालवणं हे माझं काम. तीन वर्षांपूर्वी वेरिबीतल्या एका वृद्धाश्रमात मला नवीन यादी मिळाली आणि तिसऱ्या नावाशी मी थांबले. कीथ खिडकीपाशी खुर्चीत होता, अंगाने निम्मा झालेला, मिशी तेवढी तशीच. त्याने मला ओळखलं. मी त्याचे गुडघे हातात धरून व्यायाम देत होते आणि सगळं एका दमात बोलून टाकलं. तेव्हा जी दोन वाक्यं बोलायची होती त्यांची वीस झाली. बाबांनी मागितलं म्हणून तू ठेवलीस, फोटो मी दिला, आणि आम्ही दोघं गप्प राहिलो.

“आय नो, लव्ह,” तो म्हणाला. “मी तिथेच होतो.”

मग त्याने मान खुर्चीला टेकवली. मला वाटलं, झोप लागली. तो म्हणाला, “एक विचारायचं होतं. तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं, दुसऱ्या दिवशी काहीतरी केल्याशिवाय उचलायची नाही. आणि मी तर पुसून देऊन टाकली. ते चाललं का? का त्याचं काही बिघडलं?”

इतकी वर्षं माणूस हे मनात घेऊन बसला होता. मी म्हटलं, “चाललं, कीथ. ऊन वर आलं होतं ना? तेवढं पुरतं.” त्याने डोळे मिटून मान हलवली आणि दुसरा गुडघा पुढे केला.

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडे क्रेगीबर्नला असतात. त्या संध्याकाळी मी त्यांना कीथचा प्रश्न सांगितला, आणि माझं उत्तरही. ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला. “खोटं सांगितलंस,” ते म्हणाले. मी म्हटलं, रविवारी नेते तुम्हाला, तुम्हीच सांगा. रविवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, आम्ही वेरिबीला गेलो, आणि पार्किंगमध्ये ते पाऊण तास गाडीत बसून राहिले. मी दार उघडून उभी होते. शेवटी ते म्हणाले, “चल घरी.” त्याच हिवाळ्यात कीथ गेला. अंत्यविधीला मी एकटीच गेले.

गेल्या खंडेनवमीला सकाळी मी पाटावर विळी आणि कात्री मांडली. बाबा काठी टेकत आले, पाकीट काढलं, आणि ती पितळी चकती कात्रीशेजारी ठेवली. त्यांनी कोरडं कुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी मी उठले तर ते आंघोळ करून, धोतर नेसून पाटासमोर खुर्चीत बसलेले. मी म्हटलं, “बाबा, झालं ना आता? उचला.” ते म्हणाले, “थांब. साडेनऊ होऊ देत.” मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. साडेनऊला त्यांनी मुठीतल्या अक्षता चकतीवर टाकल्या, खुर्चीच्या हाताला धरून कसेबसे उभे राहिले आणि बंद दाराकडे तोंड केलं. घरात आम्ही दोघंच होतो.

“आय आस्क्ड हिम, सर,” बाबा म्हणाले.